आधी रात्रीची बाटली की सकाळची ट्यूब?

भाची बावीस वर्षांची आहे. जूनमध्ये पुण्यात पहिल्या नोकरीला लागली आणि पहिला पगार झाल्यावर तिचा फोन आला, "मामा, महिन्याला सहाशेच्या वर जाणार नाहीये. रेटिनॉल घेऊ की सनस्क्रीन?" रेटिनॉल म्हणजे सुरकुत्यांसाठी रात्री लावायचं अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध, ते बाटलीत येतं. सनस्क्रीन म्हणजे उन्हापासून वाचवणारी सकाळची ट्यूब. दोन्ही घे म्हणणं सोपं होतं. पण दोन्ही एकदम सुरू करणारे माझ्या ओळखीतले बहुतेक जण दोन-तीन महिन्यांत दोन्ही सोडून बसले. मी स्वतः या दोन्ही वाटांनी चालून आलोय, म्हणून फोनवर तिला जे तुटक सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो. फेसवॉश आणि मॉइश्चरायझर तुमच्याकडे आहेच, असं धरून चालतो.

मी डॉक्टर नाही. शेतीऔषधांच्या विक्रीचं फिरतीचं काम करतो. सासवड, जेजुरी, बारामती हा पट्टा, आणि दुचाकी. आता चौतीस वर्षांचा आहे, चेहऱ्याकडे लक्ष द्यायला लागलो पंचविसाव्या वर्षी, आणि त्याचं कारण आमचे अण्णा. तीस वर्षं ते एसटीवर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर सकाळी दाढी करून अंगणात बसले की स्पष्ट दिसायचं: उजव्या डोळ्याच्या कडेपासून गालावर उतरलेल्या सुरकुत्या खोल, उजवा हात कोपराखाली राठ आणि ठिपक्याठिपक्यांचा, आणि डावा हात जणू दहा वर्षांनी धाकट्या भावाचा. खिडकी त्यांच्या उजव्या हाताला होती, एवढंच. पुढे 2012 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेला ट्रकचालकाचा फोटो पाहण्यात आला. वय 69, त्यातली 28 वर्षं ट्रकवर. त्याची डावी बाजू लोंबलेली आणि चरे पडलेली, उजवी बरीच नीट. तिकडे चालक डावीकडे बसतो. उन्हात यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकारचे अतिनील किरण असतात. काच यूव्हीबी किरण बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र आत येऊ देते, आणि त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन मोडण्यात मोठा हात या यूव्हीएचाच असतो.

हे सगळं डोळ्यांपुढे असूनही मी सुरुवात केली ती रात्रीच्या बाटलीपासून, म्हणजे रेटिनॉलपासून. तिचं आकर्षण खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. तीन महिन्यांत नाकावरचे ब्लॅकहेड्स कमी झाले, कपाळावरून बोट फिरवलं की फरक कळायचा. या घराण्यातलं थोरलं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. ते आधी मुरुमांवर वापरात आलं. मग ते लावणाऱ्यांच्या उन्हानं खराब झालेल्या त्वचेतही सुधारणा दिसते, हे फिलाडेल्फियातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1986मध्ये मांडलं. बिनचिठ्ठीचं रेटिनॉल हे त्याचं सौम्य भावंड. त्वचेत गेल्यावर टप्प्याटप्प्यानं त्याचं ट्रेटिनॉइनच बनतं, म्हणून काम हळू आणि कमी. सुरकुत्यांवर लावायच्या औषधांत या घराण्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशाचा नसावा. फक्त एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. तो पुरावा मुख्यतः ज्यांची त्वचा आधीच उन्हानं बिघडली होती अशा लोकांचा आहे. बाविसाव्या वर्षी दुरुस्त करण्यासारखं फारसं काही झालेलंच नसतं.

पण मी बाटली सोडली ती असा विचार करून नव्हे. सोडली ती एका त्रासापायी.

जूनमध्ये सुरू केलेलं रेटिनॉल भाद्रपदापर्यंत रोज रात्री लावत होतो. गणपतीला कोकणात गेलो, बाटली पुण्यातच राहिली. परत आल्यावर कामाची धावपळ, असा जवळजवळ अडीच-तीन आठवडे खंड पडला. मग एका रात्री जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं, रोज, पूर्वीइतकंच. चौथ्या दिवशी ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. त्या सकाळी सासवडला एका दुकानदाराबरोबर मिसळ खायला बसलो. पहिल्याच घासाला तर्रीचा थेंब त्या कोपऱ्यात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. पुढचा आठवडाभर दहीभात खाल्ला. आमच्या सलूनवाल्यानं सवयीनं तुरटी फिरवली तेव्हा तर खुर्चीतून उठलोच.

सोलणं आठ दिवसांत थांबलं. राहिले ते डाग. दोन्ही कोपऱ्यांना तपकिरी, बोटाच्या पेराएवढे, पान खाऊन तोंड न पुसल्यासारखे. आपल्या रंगाच्या त्वचेची ही खोड आहे: जिथे दाह होतो तिथे ती काळा रंग मागे ठेवते. ते डाग संक्रांत उलटली तरी पुरते गेले नव्हते. जानेवारीत तापानं पडलो, पुन्हा खंड, पुन्हा सुरुवात, पुन्हा सोलणं, पुन्हा डाग. चेहरा तरुण राहावा म्हणून जे लावत होतो, त्यानंच लोक विचारायला लागले, "तोंडाला काय झालंय?" बाटलीला खंड चालत नाही. निदान माझ्या त्वचेवर तरी चालला नाही.

चूक माझीही होती, हे सांगायला हवं. आठवड्यातून दोन रात्री अशी सुरुवात करायची असते, वाटाण्याएवढंच घ्यायचं, ओठांच्या आणि नाकपुड्यांच्या कडांना आधी व्हॅसलीन लावायचं, हे मला फार उशिरा कळलं. शिवाय माझी बाटली 0.5 टक्क्यांची होती. युरोपीय संघानं 2024मध्ये चेहऱ्याच्या क्रीममधल्या रेटिनॉलवर 0.3 टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे ऑनलाइन एक टक्क्याची बाटलीही सहज मिळते. शिस्तीचा माणूस असेल तर त्याला माझ्यासारखा त्रास होणारही नाही. पण पहिल्या नोकरीतल्या, कधी गावी तर कधी मैत्रिणीच्या लग्नाला जाणाऱ्या बाविशीच्या मुलीकडून ती शिस्त मागणं मला जरा जास्त वाटतं.

आता ट्यूब. तिचेही त्रास आहेत, आणि रोजचे आहेत. एप्रिलमध्ये दिवे घाट चढताना हेल्मेटखालचा घाम कपाळावरचं सनस्क्रीन घेऊन थेट डोळ्यांत उतरतो. एकदा घाटातच गाडी बाजूला घेऊन बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारावं लागलं. ही आग बहुधा जेलसारख्या, रासायनिक फिल्टरच्या सनस्क्रीनची. झिंक ऑक्साइडवाली डोळ्यांना सहसा झोंबत नाहीत, पण सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसतात. मी करतो ते असं: भुवयांच्या वर आणि डोळ्यांभोवती झिंकचं पातळ बोट, बाकी चेहऱ्याला, मानेला आणि कानांना जेल. कपाळावरची राख हेल्मेटखाली कोणाला दिसत नाही, आणि दुकानात शिरेपर्यंत ती घामानं मुरलेली असते.

दुसरा त्रास असा की ट्यूब काही दाखवत नाही. महिनोन्‌महिने लावा, आरशात काहीच घडत नाही. जे व्हायचं टळलं ते दिसणार कसं? इथे मला ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचा आधार वाटतो. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावी 55 वर्षांच्या आतल्या 903 लोकांना दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला जसं लावत होते तसं लावा म्हटलं. साडेचार वर्षांनी हाताच्या पाठीच्या कातडीचे सिलिकॉनचे ठसे ताडून पाहिले, तर रोज लावणाऱ्यांत वार्धक्याच्या खुणा 24 टक्क्यांनी कमी होत्या. हे 2013मध्ये प्रसिद्ध झालं. सनस्क्रीन होतं साधं एसपीएफ 15चं (एसपीएफ म्हणजे संरक्षण किती ते सांगणारा डब्यावरचा आकडा). म्हणून 30 की 50 यावर वेळ घालवू नका. प्रयोगशाळेत 30 हे साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतं आणि 50 साधारण 98. खरा फरक पडतो तो किती लावता यानं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. त्याच्या निम्मं लावलं तर डब्यावरचा आकडा विसरा.

यामुळे खर्चात मात्र ट्यूब हरते. पन्नास ग्रॅमची साडेचारशेची ट्यूब मला पाच आठवडेच पुरते, आणि फिरतीच्या दिवशी दुपारी पुन्हा लावलं तर तेवढीही नाही. सहाशेची रेटिनॉलची बाटली चार महिने जाते. पण बाटली घेतली की ट्यूब घ्यावीच लागते, कारण नव्यानं कोवळ्या झालेल्या त्वचेला ऊन जास्त बाधतं. उलट ट्यूबला बाटलीची गरज नाही.

आणि ट्यूबला खंड चालतो. गणपतीत विसरलात, तापात विसरलात, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन बोटं. ती काही सूड घेत नाही. माझ्या ओठांकडचे डागही शेवटी फिकट झाले ते मी बाटली बंद करून रोज सनस्क्रीन लावायला लागल्यावर. आज नऊ वर्षांनंतर माझा उजवा हात आणि डावा हात एकाच माणसाचे वाटतात. हे काही मोजमाप नाही, पण अण्णांचे हात पाहिलेल्या माणसाला ते पुरेसं आहे.

आपल्याकडे सुरकुत्यांच्या बरीच आधी वांग येतो, रंग काळवंडतो, ठिपके येतात, हेही ट्यूबच्या बाजूनं जातं. पुण्यातल्या मुली स्कूटीवर स्कार्फ बांधतात तोही यात धरा. कापडाखालच्या गालांची काळजी कमी, उघड्या कपाळाला आणि डोळ्यांच्या कडांना लावलं की झालं.

बाटली आधी कोणी घ्यावी? ज्यांना मुरुमांचा खरा त्रास आहे त्यांनी, पण तेही त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन. ते बहुधा याच घराण्यातलं अ‍ॅडापलीनसारखं काहीतरी लिहून देतील आणि एकाच औषधात दोन्ही कामं होतील. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर हे सगळं घराणंच बाजूला ठेवायचं. आणि मेडिकलमधून कोणी गोरेपणासाठी म्हणून हातात ठेवतं ती क्रीमची ट्यूब, जिच्यात ट्रेटिनॉइनच्या जोडीला रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड असतं, तिला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हातही लावू नका. माझ्या एका मित्राचा चेहरा त्यानं कातडी पातळ होऊन लाल झाला. उन्हात दोन मिनिटं उभा राहिला तरी जळजळ व्हायची. पूर्ववत व्हायला त्याला वर्ष कमी पडलं.

मी स्वतः पस्तिशीत डॉक्टरांना विचारून सौम्य ट्रेटिनॉइन सुरू करायचा विचार करतोय. तेव्हा दुरुस्तीला काही काम असेल. भाचीला मात्र म्हटलं, सध्या ट्यूबच घे. तिनं घेतली. पहिल्या आठवड्यात डोळे चुरचुरतात म्हणून तक्रार आली, तिला झिंकचं सांगितलं. परवा विचारलं, "ट्यूब किती दिवस झाली?" म्हणाली, "मामा, दोन महिने झाले, अजून अर्धी आहे." म्हटलं, मग हवं त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही लावत नाहीस. पुढची पाच आठवड्यांत संपली की फोटो पाठव.