अंदमान: बाराटांगची खाडी की एलिफंट बीचचं स्नॉर्कलिंग?

वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर? मी बाराटांग म्हणेन, पण झोपेचं खोबरं होतं. जिरकाटांगच्या चौकीवर पहाटेच रांग लागते, कारण जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्यानेच सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मग मिडल स्ट्रेट ही सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडायची आणि लहान स्पीडबोटीत बसायचं. शेवटी खाडी इतकी अरुंद होते की कांदळाच्या फांद्या डोक्यावर येतात आणि चिखलातून उठलेली आधारमुळं हाताच्या अंतरावर. पुढे चुनखडीच्या गुहेपर्यंत चालत. पाण्यात मात्र हातही घालू नका, इथे मगरी आहेत.

पोहायचंच असेल तर हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. जेट्टीवरून बोटीने थोड्याच वेळात एलिफंट बीच येतो. पोहता न येणाऱ्यालाही गाईड ट्यूबला धरून प्रवाळांवर फिरवतो. मासे भरपूर, गर्दीही तेवढीच. २००४ च्या त्सुनामीतली वठलेली झाडं अजून किनाऱ्यावर दिसतात. सकाळी लवकर जा, आणि प्रवाळावर पाय ठेवू नका.

लहान मुलं सोबत असतील तर मात्र डोळे झाकून एलिफंट बीच.