दुपदरी मोत्यांची माळ: चौदा महिने वापरून झाल्यावर

माळ घेतली धनत्रयोदशीला, बडोद्याच्या घडियाळी पोळमधून. दुपदरी, सात मिलिमीटरचे गोड्या पाण्यातले मोती, साडेसात हजार रुपये. त्याच महिन्यात कानात घालायला जपानी अकोया मोत्यांचे टॉप्स घेतले, आणि नवरात्रासाठी साडेतीनशेच्या नकली कुड्या. तिन्ही जपून ठेवण्यासाठी घेतलं नव्हतं, त्यामुळे लिहिण्यासारखं बरंच आहे.

खरेदीच्या वेळी मी दुसरीच माळ उचलली होती. दाणा न् दाणा गोल, जणू साच्यातून काढलेला. सासूबाई म्हणाल्या, "गोल काय, साबुदाणाही गोल असतो. पाणी बघ." आणि दोन्ही माळा घेऊन त्या दुकानाच्या पायरीवर उजेडात आल्या. ट्यूबलाइटखाली सगळेच मोती चमकतात. बाहेर पांढऱ्या रुमालावर ठेवल्यावर माझी गोल माळ खडूसारखी मळकट दिसली. त्यांनी निवडलेल्या मोत्यात मात्र समोरच्या खिडकीचे गज ओळखू येत होते, जरी दाणे थोडे लंबट आणि एक-दोघांच्या अंगावर बारीक वळ होते. अर्थात तीच घेतली.

पाणी म्हणजे काय हे मी नंतर समजून घेतलं. मोत्याचं अंग अतिशय पातळ थरांचं असतं. उजेड वरच्या थरावरून परततो तसा आतल्या थरांवरूनही परततो, म्हणून ती चमक आतून आल्यासारखी वाटते. थर दाट आणि नीट बसलेले असले की पाणी चांगलं. गोड्या पाण्याच्या शिंपल्यात मोती पिकवताना बहुतेक वेळा मणी न घालता दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल पडद्याचा बारीक तुकडा ठेवतात, त्यामुळे मोती जवळजवळ पूर्ण थरांचाच बनतो. टिकाऊ असतो, पण अगदी गोल दाणा कमी सापडतो. हे मोती आज प्रामुख्याने चीनमधून येतात. 'हैदराबादी मोती' म्हणतात तेही तिथल्या समुद्रातले नव्हेत (हैदराबादला समुद्रच नाही!); ते शहर मोती विंधण्याचं, ओवण्याचं आणि विकण्याचं.

अकोयाची गोष्ट उलटी. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी १८९३मध्ये पहिल्यांदा अर्धगोल मोती पिकवून दाखवला, ते याच अकोया शिंपल्यात. आज अकोयात शिंपल्याचाच गोल मणी घालतात आणि त्यावर थर चढतो. म्हणून गोलाई सुरेख आणि चमक आरशासारखी. पण शिंपला लवकर उघडला तर थर पातळ राहतो. घेताना भोकाच्या कडेला भिंग लावून बघा: आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेघ दिसते, त्यावरून थराची जाडी कळते. माझ्या टॉप्सची चमक अजून पहिल्या दिवसासारखी आहे. एक मोती मात्र दांडीवरून सुटला, तो परत चिकटवून घ्यावा लागला.

दक्षिण समुद्रातले मोठे सोनेरी मोती आणि ताहितीचे काळसर मोती पाहिले आणि किंमत ऐकून ठेवून दिले. एका ठिकाणी स्वस्तात काळे मोती होते, पण भोकांभोवती रंग साचलेला. रंगवलेले होते.

दुसऱ्या एका दुकानात 'अस्सल बसरा', म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, म्हणून एक सर दाखवला आणि दाताला घासून खात्री करायला सांगितलं. हा सल्ला अर्धाच खरा. दाताला किरकिर लागली तर मोती नकली नाही एवढंच समजतं. पिकवलेलाही तसाच किरकिरतो. नैसर्गिक की पिकवलेला, हे खात्रीनं सांगायला प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तपासावं लागतं. त्याचं प्रमाणपत्र मागितल्यावर सर पेटीत गेला. बडोद्यात बसऱ्याचं नाव काढलं की गिऱ्हाईक विरघळतं, हे दुकानदारांना ठाऊक आहे. इथले संस्थानिक खंडेराव महाराज गायकवाडांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला ते हेच गाव, आणि गायकवाडांच्या सातपदरी हारातल्या मोत्यांची दुपदरी माळ २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरच्या वर गेली.

आता वापर. नवरात्रात हौसेनं माळ घालून नऊही रात्री गरबा खेळले. ही चूक माझी. घाम मोत्याला वाईट, आणि मी तर घरी येऊन तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकत होते. दसऱ्याला बघते तर दोरा कळकट आणि ढिला, मानेमागचे चार-पाच दाणे जरा मंद. ओल्या मऊ फडक्यानं पुसल्यावर बरेचसे उजळले, पूर्ण नाही. नकली कुड्यांचं तर भोकापाशी साल निघालं आणि आतली काच दिसू लागली.

माळ मांडवीतल्या पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्याकडे, नेली. त्यांनी पहिल्यांदा दोरा बघितला आणि म्हणाले, "गाठी कुठायत?" दुकानातून माळ विनागाठीचीच ओवून आली होती, आणि मी विचारलंही नव्हतं. दोन मोत्यांमध्ये गाठ असली की ते एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटला तर एखादाच दाणा निसटतो. रेशमी दोऱ्यात गाठवून घेतली, चारशे रुपये. गाठींमुळे माळ लांबली, म्हणून प्रत्येक पदरातून दोन-दोन मोती काढावे लागले.

तेव्हापासून अत्तर आणि पावडर आधी, मोती शेवटी. काढल्यावर पुसून सुती पिशवीत. लॉकरच्या कोरड्या हवेत मात्र ठेवत नाही. पैसे तेवढेच असते तर माळ पुन्हा हीच घेतली असती, टॉप्स कदाचित नाही.

काढलेले चार मोती कागदाच्या पुडीत होते. त्यातले सारख्या चमकीचे दोन सासूबाईंनी खिडकीशी बसून निवडले आणि नातीच्या कानासाठी सोनाराकडे दिले. उरलेले दोन अजून हळदीकुंकवाच्या डब्यात आहेत.