साखर न घालता ओट्स : दिवाळीपासून आंब्यापर्यंत रोज खाल्ल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर नवऱ्याचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) ६.१ आला, म्हणजे ५.७ ते ६.४ चा जो प्रीडायबेटिसचा, म्हणजे डायबेटिसच्या आधीच्या पायरीचा पट्टा असतो त्याच्या बरोबर मध्ये, आणि डॉक्टरांनी साखर गूळ मध तिन्ही बंद सांगितलं. नाश्त्याला ओट्स चालतील म्हणाले. आता चालतील हे सगळेच सांगतात, पण साखर काढून घेतल्यावर त्या पांढऱ्या चिकट लगद्याचं करायचं काय हे कोणी सांगत नाही, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू. आता बाजारात आंबे आलेत आणि आमच्याकडे ओट्स अजून चालू आहेत, सासूबाईसुद्धा स्वतःहून मागून खातात.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. गूळ किंवा मध घालून ते 'शुगर फ्री' होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या गाइडलाइनमध्ये मध, सिरप, फळांचा रस हे सगळं साखरेच्याच हिशोबात धरलंय आणि गुळाचंही शेवटी तेच, त्यामुळे मी इथे जे लिहितेय त्यात यातलं काहीच नाही. खजूर मी कधीतरी वापरते पण खजुरातही वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते, वरून घातलेली नसली तरी असतेच, म्हणून दोघांत मिळून एक, बारीक चिरून, बस.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर भाजण्याने. फळं, मसाले, बिया सगळं नंतर. आपण रवा भाजल्याशिवाय उपमा करत नाही, दलिया भाजल्याशिवाय शिजवत नाही, मग ओट्सच कच्चे का पाण्यात टाकायचे? कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं, सतत हलवत, रंग अगदी किंचित बदलेपर्यंत आणि घरभर खमंग वास सुटेपर्यंत. या वासालाच निम्मी चव असते, शेंगदाण्याच्या जवळ जाणारी. दुसरा फायदा म्हणजे दाणा जरा मोकळा राहतो. ओट्सचा जो बुळबुळीतपणा असतो तो त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या फायबरमुळे, आणि कोलेस्टेरॉलसाठी ओट्स चांगले म्हणतात ते त्याच्याचमुळे (अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याने १९९७ मध्ये दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनचा आकडा धरून पाकिटावर तसं लिहायची परवानगी दिली, आपल्या ४० ग्रॅम ओट्समध्ये साधारण दीड ग्रॅम मिळतं), त्यामुळे तो पूर्ण घालवायचा नाहीये, फक्त भाजून घेतलं आणि शिजताना सारखं ढवळत बसलं नाही की तोंडात चिकट लागत नाही. मी आठवड्याचे एकदम भाजून गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, त्याहून जास्त नाही कारण ओट्समध्ये गहू-तांदळापेक्षा तेलाचं प्रमाण जास्त असतं आणि ते लवकर खवट होतात. पाकिटातले ओट्स कडवट लागत असतील तर आधी नुसते हुंगून बघा, बऱ्याचदा ते जुने झालेले असतात आणि मग वरून काहीही घाला, उपयोग नाही.

दुसरं मीठ. गोड ओट्समध्येसुद्धा मीठ घालायचंच, चिमूटभर, शिजतानाच. मिठाने कडवटपणा दबतो आणि दूध-फळांचा मूळचा गोडवा वर येतो, शिऱ्यात आपण मीठ घालतो ते काही उगाच नाही. स्कॉटलंडमध्ये तर परंपरेने ओट्स, पाणी आणि मीठ एवढंच, कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून पॉरिजची स्पर्धा भरते आणि तिथे मुख्य बक्षीस या तीनच गोष्टींच्या पॉरिजला असतं. म्हणजे नुसत्या ओट्सला स्वतःची चव आहे, आणि हे मला आता मनापासून पटलंय.

आता माझं ठाम मत. रोज खायचे असतील तर तिखट-मिठाचेच करा. गोड पदार्थातून साखर काढली की मन सारखं ती शोधत राहतं, तिखटात तो प्रश्नच येत नाही. आमच्याकडे आठवड्यातले बहुतेक दिवस तिखटच असतात आणि त्यात एक नंबरला ताकातली उकड. तांदळाच्या उकडीसारखीच, फक्त पीठ ओट्सचं. भाजलेले ओट्स मिक्सरला फिरवून पीठ करायचं, अर्धी वाटी पीठ दीड-दोन वाट्या आंबट ताकात गुठळी न ठेवता कालवायचं (आधीच कालवलं की गरम करताना ताक फाटत नाही), मीठ घालायचं. कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि लसूण भरपूर, अगदी सात-आठ पाकळ्या ठेचून, लसूण लालसर झाला की ताक ओतायचं आणि घट्ट होईपर्यंत हलवत राहायचं, मग झाकण ठेवून एक वाफ. वाढताना वरून कच्चं तेल आणि कोथिंबीर. आंबट ताक हवंच, गोडसर ताकाची केलीत तर सपक होते. घरी पाहुणे आले होते त्यांना सांगेपर्यंत कळलं नव्हतं की हे ओट्स आहेत.

दुसरा प्रकार म्हणजे मेतकूट. याला रेसिपी म्हणण्यासारखं काही नाही, ओट्स पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायचे, वर साजूक तूप, दोन चमचे मेतकूट, लिंबू. आजारी माणसाला, म्हाताऱ्यांना एकदम सोयीचं. सासूबाईंना दात नाहीत, त्यांना मऊभाताऐवजी रात्री हेच देते आणि त्या आवडीने खातात. लसणाची किंवा जवसाची चटणी असेल तर ती पण वर चांगली लागते. कारळ्याची तर फारच छान. तुपात कंजूषी करू नका, मसाल्यांचा बराचसा वास तेला-तुपातच उतरतो, फॅट अजिबात नसेल तर कितीही मसाला घाला वरवरचाच लागतो.

रेडिमेड मसाला ओट्स मी बंद केले. त्यात मीठ बरंच असतं आणि काहींमध्ये साखर पण असते, पाकिटामागे टोटल शुगर आणि अ‍ॅडेड शुगर असे दोन वेगळे आकडे असतात, दुसरा बघा.

गोडाचं म्हणाल तर रविवारी करते. यात पिकलेलं केळं हा राजा, पण सालीवर काळे ठिपके पडलेलं, कारण केळं पिकतं तसं त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. आणि ते वरून कापून घालायचं नाही, तुपावर जरा परतून कुस्करून ओट्सबरोबर शिजवायचं, मग गोडवा सगळीकडे जातो. अर्थात डायबेटिसवाल्यांनी अर्धंच, केळं कितीही नैसर्गिक असलं तरी कार्ब्स आहेतच. केळं, ओला नारळ आणि वेलची एकत्र केलं की नारळीभाताच्या जवळचा वास येतो. थंडीत लाल गाजर किसून तुपावर परतून दुधात शिजवलं आणि जायफळ घातलं तेव्हा मुलीने दोनदा घेतलं. चिकू गार ओट्समध्ये चांगला, शिजवला तर मजा जाते. बिनसाखरेची कोको पावडर आधी चमचाभर गरम पाण्यात कालवून घ्या, नुसती टाकली तर गुठळ्या होतात. अननस कच्चा कधीच दुधात रात्रभर ठेवू नका, त्यातल्या एन्झाइमने दूध कडू होतं, आधी शिजवून घेतला तर चालतो. आंबा आता रोज मागतात घरात, मी दोन-तीन फोडीच देते वरून, आणि त्या दिवशी केळं नाही.

दालचिनीबद्दल एक महत्त्वाचं. ती खरंच गोडाचा भास देते आणि म्हणून आपण रोज घालायला लागतो, पण किराणा दुकानात जी जाड, लाकडासारखी कडक साल मिळते ती बहुतेक कॅशिया या दुसऱ्या जातीची असते, त्यात कूमरिन नावाचं नैसर्गिक द्रव्य जास्त असतं आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात जाणं यकृताला चांगलं नाही. रोज घालणार असाल तर सिलोन दालचिनी घ्या, पातळ पापुद्र्यांची सुरळी असते, हाताने चुरली जाते. महाग आहे, पण लागते किती? चिमूटभर. नाहीतर वेलची, जायफळ, सुंठ, बडीशेप आलटून पालटून वापरा, मी तेच करते.

तब्येतीचं विचाराल तर मार्चमध्ये नवऱ्याचा एचबीएवनसी ५.९ आला. पण तो रोज संध्याकाळी चालायलाही लागलाय आणि चहातली साखर पूर्ण सुटलीये, त्यामुळे मी सगळं क्रेडिट ओट्सला देणार नाही. एक मात्र नक्की, सकाळी खाल्लं की साडेअकराला बिस्किटाचा डबा उघडला जात नाही. त्यातही नुसतं दुधातलं कमी पुरतं, बरोबर मूठभर शेंगदाणे किंवा अंडं असेल तर जेवणापर्यंत निघतं.

घेताना इन्स्टंट नका घेऊ, ते आधीच बारीक आणि शिजवलेले असल्याने पचतात लवकर आणि साखर पटकन चढते, शिवाय भाजताना त्यांचा भुगा होतो. साधे रोल्ड, म्हणजे पोह्यांसारखे चपटे केलेले घ्या, जाड असतील तितके बरे. स्टील कट, म्हणजे दाण्याचे नुसते तुकडे केलेले, चवीला सगळ्यात भारी आहेत पण पातेल्यात अर्धा तास जातो, मी रात्री भिजवून सकाळी कुकरला दोन शिट्ट्या काढते, कुकरमध्ये अर्ध्याच्या वर भरायचे नाहीत आणि थेंबभर तूप टाकायचं, नाहीतर फेस थेट शिट्टीतून बाहेर येतो.