थिसिस सर्व्हिसचा अनुभव: पानं झकास, टिळक गायब

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी दोन. त्यातला एक पूर्ण स्टार पेज नंबरिंगला आहे, खोटं नाही सांगत. सेंटरचं नाव लिहीत नाहीये, कारण असं एक तरी सेंटर मुंबईत प्रत्येक स्टेशनबाहेर आहेच. "सिनॉप्सिस ते व्हायवा, सर्व विषय, मराठी हिंदी इंग्रजी" असा बोर्ड आणि खाली झेरॉक्सचं मशीन. माझंवालं चुनाभट्टी साइडला, जिना चढून पहिल्या मजल्यावर.

मी ज्युनियर कॉलेजला शिकवते, पीएचडीचं पाचवं वर्ष चालू आहे, नोंदणीपासून सहा वर्षांत संपवायची असते त्यामुळे हल्ली रात्री झोप लागत नाही. विषय आहे टिळकांचा कर्मयोग आणि स्वदेशीच्या काळातले उद्योग. गाइड राज्यशास्त्राचे. विषय सांगितला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "म्हणजे नक्की कुठल्या डिपार्टमेंटचा?" आरआरसीत, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीतही हेच विचारलं होतं, तिथे कसंबसं निभावलं. पण चुनाभट्टीच्या पहिल्या मजल्यावर कंप्युटरसमोर बसलेल्या पोराने तेच विचारलं तेव्हा मात्र मला हसू आलं, कारण त्याच्या फॉर्ममध्ये खरंच तीन गोल होते, राज्यशास्त्र, धर्म व तत्त्वज्ञान, कॉमर्स, आणि एका वेळी एकच टिक होत होतं. मी म्हटलं तिन्ही कर. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिम घेत नाही." मग शीर्षकात 'पैसा फंड' दिसला म्हणून त्याने कॉमर्सला टिक केलं आणि माझा प्रबंध कॉमर्सवाल्या 'एक्स्पर्ट'कडे गेला.

मी तिथेच उठून यायला हवं होतं. पण अठरा हजाराचं पॅकेज, त्यातले दहा आधीच भरलेले.

पॅकेजमध्ये तीन गोष्टी होत्या. माझ्या श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फाइली कुठेही उघडणाऱ्या युनिकोडमध्ये करून देणार. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला म्हणजे दुसऱ्या प्रकरणाला 'सपोर्ट' देणार (हा शब्द त्यांचा). आणि सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, दहा टक्क्यांच्या आत आणून देणार, गॅरंटीने.

पहिल्या कामाला मी मनापासून दाद देते. श्रीलिपीतून युनिकोडला जाताना मराठीचं काय होतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. 'ऱ्हास'चा पार ऱ्हास होतो, दुसऱ्याच्या डोक्यावरचा रफार तिसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, 'ॲ' तर दिसतच नाही. या लोकांनी अडीचशे पानं चार दिवसांत केली आणि मी नंतर ओळीने तपासली तेव्हा जेमतेम वीसेक चुका निघाल्या. एक मुलगी आहे तिथे, कोपऱ्यात बसते, कोणाशी बोलत नाही, तीच हे काम करते. तळटीपांचे नंबर, अनुक्रमणिका, प्रकरणांची शीर्षकं, सगळं तिने नीट लावलं. तिला पगार वाढवून द्या असं मी मालकांना सांगून आले.

आता दुसरं. कॉमर्सवाल्याने लिहिलेला आढावा आला तो 'उद्योजकता म्हणजे काय' इथून सुरू झाला, पुढे स्टार्टअप, पुढे स्वॉट ॲनालिसिस, आणि पंधराव्या पानावर टिळक एकदाच येऊन गेले, तेही गणेशोत्सवासाठी. मी फोन केला तर म्हणे धर्माचा पार्ट वेगळा लागेल, तो तत्त्वज्ञानवाले सर करतात, त्याचे साडेतीन हजार, आणि राजकारण हवं असेल तर तिसरे सर.

तेव्हा मला नीट कळलं गाडी कुठे अडतेय ते. अहो, माझा सगळा विषयच सांध्यावर उभा आहे. तुम्हीच बघा १९०८ साल. पैसा फंडाचा काचेचा कारखाना तळेगाव दाभाड्याला सुरू झाला तो याच साली. हा फंड म्हणजे अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना, माणशी वर्षाला एक पैसा द्या आणि त्यातून देशी उद्योग उभे करा, आणि टिळकांचा त्याला भक्कम पाठिंबा होता. त्याच साली २२ जुलैला मुंबई हायकोर्टात टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. लगेच मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, शिक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक दिवस. शिक्षा भोगायला टिळक मंडालेला गेले आणि तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं, ते छापून आलं १९१५ मध्ये. आता मला सांगा, १९०८ साल कुठल्या गोलात टिक करायचं?

आणि हे नुसतं एकाच माणसाच्या आयुष्यात योगायोगाने घडलं असंही नाही ना. टिळकांचं म्हणणंच मुळात हे की गीता संन्यास घ्यायला सांगत नाही, ज्ञान झाल्यावरसुद्धा कर्म सोडायचं नाही, कारण लोकसंग्रह, म्हणजे समाज धरून ठेवणं, लोकांचं भलं करणं. शंकराचार्यांच्या भाष्याशी त्यांचं भांडण आहे ते इथे. आणि एकदा का संसारात राहून काम करणं हाच योग ठरला की मग काचेचा कारखाना, वर्तमानपत्र, कापूस, यातलं काहीच 'धर्माबाहेरचं' उरत नाही. खुद्द टिळकांची लातूरला जिनिंग फॅक्टरी होती, हे कॉमर्सवाल्या एक्स्पर्टला ठाऊक नव्हतं. १८८१ ला सुरू झालेला केसरी हा राजकारणाचा पेपर होताच, पण कागद, शाई, वर्गणी, थकबाकी असलेला धंदाही होता की. उलट गीतेच्या अठराव्या अध्यायात 'कृषिगौरक्ष्यवाणिज्यं' असं म्हणून व्यापार एका वर्णाला बांधून टाकलाय, त्याचं पैसा फंडवाल्यांनी काय केलं, तिथे तर एक पैसा सगळ्यांकडूनच मागत होते, हा माझ्या चौथ्या प्रकरणाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. असल्या प्रश्नाला साडेतीन हजारवाले सर काय करणार, मला सांगा.

बरं, गंमत म्हणजे सेंटर आहे कुठे, तर चुनाभट्टीला. जमशेदजी टाटांनी १८८६ मध्ये बंद पडत आलेली धरमसी मिल घेऊन तिचं नाव स्वदेशी मिल ठेवलं, ती इथलीच. वंगभंगाच्या चळवळीआधी एकोणीस वर्षं हा शब्द एका गिरणीच्या दारावर होता. मी त्या पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "हो हो मॅडम, मिलवाली बस जाते ना तिकडून."

आता रेफरन्स. आढाव्याच्या शेवटी बत्तीस संदर्भ, दिसायला अगदी देखणे. त्यातला एक एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमधला, खंड क्रमांक, पानं, सगळं व्यवस्थित, आणि लेखाचं नाव इतकं माझ्या विषयाचं की मला वाटलं हा लेख माझ्या नजरेतून सुटलाच कसा, पाच वर्षं मी काय केलं. शनिवारी हॉर्निमन सर्कलला गेले. त्या तीस पायऱ्या जूनच्या घामात चढून वर जाणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. वर गेल्यावर मात्र बरं वाटतं, ती १८३३ ची टाउन हॉलची इमारत, उंच छत, पंख्यांचा आवाज, आणि आपल्या आधी इथे बसून किती जणांनी डोळे फोडून घेतले असतील असा एक विचार. तिथल्या काकांनी खंड काढून दिला, मी पानं उलटली. त्या पानांवर भलताच लेख. काकांनी मागचा खंड काढला, पुढचा काढला, सूची पाहिली, शेवटी शांतपणे म्हणाले, "हल्ली असे बरेच जण येतात, नसलेले लेख शोधायला."

बत्तीसपैकी अकरा संदर्भ असे निघाले. अकरा! समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचं नाव मात्र खरं होतं, त्याने १९०४-०५ मध्ये जर्मनीत प्रोटेस्टंट धर्म आणि भांडवलशाही यांचा संबंध मांडला आणि पुढे हिंदू धर्मावरही लिहिलं, ते माझ्या प्रकरणात हवंच होतं. पण त्याचं काय झालं ते पुढे.

तिसरं काम, सिमिलॅरिटी. माझा रिपोर्ट एकतीस टक्के आला होता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत चालतं, दहा ते चाळीसमध्ये आलात तर सुधारून परत द्या, सहा महिन्यांच्या आत, चाळीसच्या वर वर्षभर थांबा, आणि साठच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. एकतीस बघून माझे हातपाय गळाले होते म्हणून तर या लोकांकडे गेले.

यांनी काय केलं, तर सगळा मजकूर कुठल्याशा शब्दबदलू मशीनमध्ये घातला. परत आला तेव्हा आकडा आठ टक्के. मी खूश होऊन चहा घेत वाचायला बसले.

'लोकप्रिय टिळक' म्हणाले.

पहिल्यांदा वाटलं टायपो आहे. नाही हो, एकशे चाळीस ठिकाणी लोकमान्यांचे लोकप्रिय झाले होते. पैसा फंडाचा 'रोकड निधी'. निष्काम कर्म म्हणजे 'बिनकामाचं कार्य', पाच वर्षांच्या पीएचडीला याहून नेमकं नाव मला सुचलं नसतं ते सोडा. लोकसंग्रहाचा 'जनसाठा', म्हणजे गोदामात माणसं रचून ठेवल्यासारखं. वेबरच्या प्रोटेस्टंट लोकांचे 'आंदोलक'. आणि कळस म्हणजे १९०७ ची सुरत काँग्रेस. जहाल आणि मवाळ यांच्यात फूट पडली हे वाक्य असं झालं होतं: 'सुरत येथे तिखट गट आणि मऊ गट यांच्यात भेग पडली.' मी रात्री साडेअकराला एकटी हसत होते, नवरा उठून आला काय झालं म्हणून, त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "सुरतला? मला वाटलं मिसळीबद्दल आहे."

हसण्यावारी नेलं खरं, पण नंतर राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. लोकसंग्रह हा शब्द माझ्या प्रबंधात राजकारणाचाही आहे, तत्त्वज्ञानाचाही आणि कारखान्याचाही. तोच बदलला की तीन प्रकरणं एकमेकांना धरून राहतच नाहीत, नुसती एकामागे एक उभी राहतात, आणि रिपोर्ट म्हणणार अभिनंदन, आठ टक्के.

यातला माझा गाढवपणा पण सांगते. मूळ एकतीस टक्के मी आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमना आधी दाखवलेच नव्हते, लाज वाटली म्हणून. शेवटी दाखवले. त्यांनी रिपोर्ट उघडला, म्हणाल्या, "अगं, यात गीतेचे श्लोक मोजलेत, केसरीतले उतारे मोजलेत, संदर्भसूची पण मोजलीय." नियमातच आहे की संदर्भ देऊन केलेली अवतरणं आणि सूची वगळायची असतात. त्यांनी दोन खुणा केल्या, परत रिपोर्ट काढला. सात टक्के. फुकट, दहा मिनिटांत, आणि टिळक लोकमान्यच राहिले.

तर ज्यांना या सेंटरला जायचंय त्यांनी फॉन्ट बदलायला जरूर जा, पानं लावून घ्यायला जा, बाइंडिंगसुद्धा छान करतात, काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं, पाठीवरचं नाव वाकडं येत नाही. आढावा आणि 'टक्के कमी' याच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी शोधगंगा या साइटवर लोकांचे अख्खे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, १८९८ पासूनची संस्था. वेळ जातो, धूळ खावी लागते, पण निदान जो लेख आहे तोच सापडतो.

पैशांचं म्हणाल तर उरलेल्या आठ हजारांवर वाद झाला. मी फॉन्टचे आणि सेटिंगचे देते म्हटलं, बाकीचे नाही. मालक आधी चढले, मग मी तिखट गट मऊ गट त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, कोपऱ्यातली ती मुलगी पहिल्यांदा हसली, आणि मालक पाच हजारांवर आले. काल त्या पोराचा फोन आला, "मॅडम, रिव्ह्यू टाका ना, पाच स्टार दिलेत तर बाइंडिंगच्या दोन कॉप्या फ्री." मी म्हटलं दोनच देणार आहे आणि सगळं लिहिणार आहे. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "लिहा मॅडम, चालेल. फक्त ते लोकप्रियवालं तेवढं नका लिहू."