ओटीपी आलाच नाही, पैसे मात्र गेले

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: ओटीपी कुणाला सांगितला नाही की पैसे सुरक्षित. बँकांनी, सरकारने, पार कॉलर ट्यूननेसुद्धा इतकी वर्षं हेच कानीकपाळी ओरडून सांगितलं. देशात ते बरंचसं खरं आहे, देशाबाहेर नाही. ऑस्ट्रेलियात समुद्रकाठाने सायकल चालवत असताना माझ्या क्रेडिट कार्डावरून सव्वा लाखाच्या वर रक्कम गेली आणि त्यातल्या एकाही व्यवहाराला ओटीपी आला नाही. मुलांकडे जाऊन तिथून एकट्याने भटकायला निघणारे माझ्या वयाचे आता बरेच झालेत. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते.

मी नाशिकची. वय त्रेसष्ट, बँकेतून निवृत्त. पंढरपूरच्या सायकल वारीत पाय चांगले तयार झालेले. लेक मेलबर्नच्या पश्चिमेला पॉइंट कुकमध्ये राहते. तिच्याकडे गेले तेव्हा जुनी टूरिंग सायकल विकत घेतली, चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दोन पॅनियर बॅगा लावल्या आणि ग्रेट ओशन रोडला निघाले. टॉर्की ते ॲलन्सफर्ड असा हा साधारण २४० किलोमीटरचा रस्ता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने खणून काढला. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे पश्चिमेला निघालं की समुद्र सतत आपल्या हाताशी. वारा मात्र बहुतेक वेळा तोंडावर. जावयांचं म्हणणं होतं, “आई, उलट दिशेने या, वारा पाठीशी राहील.” पण मग समुद्र रस्त्याच्या पलीकडे गेला असता. मी वारा पत्करला.

आता फसवणुकीकडे येते. ती समजायला तिथल्या मुक्कामांची गोष्ट आधी कळली पाहिजे. या रस्त्यावरची गावं लहान. मार्चच्या दुसऱ्या सोमवारी व्हिक्टोरिया राज्यात लेबर डेची सुट्टी असते आणि त्याच शनिवार-रविवारला जोडून पुढे पोर्ट फेअरीला मोठा लोकसंगीत महोत्सव भरतो. त्या दिवसांत पार वॉर्नंबूलपर्यंत खोली मिळण्याची मारामार. मोटारवाल्याला इथे नाही तर पुढच्या गावी जाता येतं. सायकलवाल्याला तसं नाही. अपोलो बे ते पोर्ट कॅम्पबेल हा टप्पा नव्वदहून अधिक किलोमीटरचा, त्यात ऑटवेच्या जंगलातून लॅव्हर्स हिलपर्यंत चारशे मीटरच्या वरची चढण. एवढं करून संध्याकाळी पोचल्यावर खोली नाही म्हटलं तर जायचं कुठे? म्हणून पोर्ट कॅम्पबेलची खोली मी आधीच एका मोठ्या बुकिंग ॲपवरून घेऊन ठेवली होती. १९८ ऑस्ट्रेलियन डॉलर, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे.

ॲपमध्ये हॉटेलवाल्यांशी बोलायची सोय असते. सायकल रात्री कुठे ठेवायची, असं मी विचारलं होतं. मालकीणबाईंचं उत्तर आलं: मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा, किल्ली खोलीतल्या खिळ्याला लटकवलेली असेल. अगदी घरगुती. अपोलो बेला मुक्कामी असताना त्याच संभाषणात, त्याच उत्तराच्या बरोबर खाली, आणखी एक निरोप आला. सुट्टीच्या गर्दीमुळे खोट्या बुकिंगचं प्रमाण वाढलंय, तुमचं कार्ड बारा तासांत पडताळून घ्या, नाहीतर बुकिंग आपोआप रद्द होईल. पैसे कापले जाणार नाहीत, फक्त १९८ डॉलर तात्पुरते अडकवून सोडून दिले जातील. खाली लिंक.

लिंक उघडली तर समोर माझं पूर्ण नाव, बरोबर तारखा, त्याच खोलीचा फोटो, तीच रक्कम. ॲपचे रंग तेच, कोपऱ्यात कुलपाचं चिन्हही. (ते कुलूप एवढंच सांगतं की तुमची माहिती वाटेत कुणी वाचणार नाही. ती घेणारा चोर आहे की साव, हे ते सांगत नाही.) पत्ता नीट पाहिला तर ॲपच्या नावानंतर डॅश, मग ‘कन्फर्म’, मग भलतीच शेपटी. पण फोनच्या पडद्यावर पुष्कळदा पत्त्याची सुरुवातच तेवढी दिसते, शेपटी नाही, आणि भामट्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. मग ‘पडताळणी सुरू आहे, पान बंद करू नका’ असं गोल फिरणारं चक्र. थोड्या वेळाने ‘हे कार्ड चालत नाही, दुसरं वापरा.’ इथे मात्र मी पान बंद केलं. ओटीपी आला नव्हता, पैसे कापल्याचा एसएमएसही नव्हता. म्हणजे काहीच झालं नाही, असाच अर्थ कुठलाही भारतीय माणूस काढेल.

तो अर्थ चुकीचा का, ते सांगते. भारतात ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सक्तीची आहे, कारण तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परदेशी वेबसाइटला तो लागू नाही. तिथल्या कित्येक दुकानदारांना नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरच पैसे उचलता येतात. काही ठिकाणी तर ते आकडेही लागत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने परदेशी ऑनलाइन व्यवहारांसाठीही पडताळणीची व्यवस्था १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभारायला बँकांना सांगितलं आहे. पण तीसुद्धा समोरच्या दुकानदाराने किंवा त्याच्या बँकेने पडताळणी मागितली तरच. भामटा ती मागणाऱ्या दुकानात कशाला जाईल?

दुसऱ्या दिवशी चढणीला लागले. ऑटवेच्या जंगलात फोनला रेंज अशी नाहीच. निलगिरीची उंच झाडं, ओल्या मातीचा वास, मागून येणाऱ्या कॅराव्हॅनचा घरघराट, आणि मी सर्वांत खालच्या गिअरवर. लॅव्हर्स हिलला पोचले तेव्हा दुपार झाली होती. रेंजची एक काडी आली आणि फोन थरथरायला लागला. १९८ डॉलर. ८७० डॉलर. दुकानांची नावं कधी न ऐकलेली.

इथून पुढचा अर्धा तास हा या लिखाणातला सर्वांत कामाचा भाग आहे. ॲपमधून कार्ड बंद करावं तर एका काडीवर ॲप उघडेना. कार्डाच्या मागे छापलेला टोल-फ्री नंबर भारताबाहेरून लागतच नाही. परदेशातून लावायचा नंबर वेगळा असतो, अधिक एक्क्याण्णवने सुरू होणारा. तो माझ्या वहीत होता म्हणून बरं. भारतात तेव्हा सकाळचे साडेसहा (तिथली उन्हाळी वेळ चालू असताना मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं). भाषेसाठी अमुक दाबा, कार्डाचे सोळा आकडे टाका, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग संगीत. फोन कानाला असतानाच तिसरा एसएमएस आला: १,३१० डॉलर. त्यानंतर माणूस बोलायला आला. मी आधी त्याला वेळ विचारली आणि वहीत लिहून घेतली. त्याने कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक दिला. तो बोलायला येईपर्यंत कॉल लॉगचा स्क्रीनशॉटही काढून ठेवला होता, कारण बँकेत असताना मी टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे आणि पुढे वाद कशावर होतो हे मला माहीत आहे.

संध्याकाळी पोर्ट कॅम्पबेलला पोचले तर मालकीणबाई दारातच उभ्या. माझ्याआधी आणखी काही पाहुण्यांचे फोन येऊन गेले होते. त्यांच्या बाजूने झालं ते असं: काही दिवसांपूर्वी एका ‘पाहुण्या’ची ई-मेल आली, खोलीत ढेकूण होते, फोटो सोबतच्या लिंकवर आहेत. बिचारीने लिंक उघडली. तिथून तिचा ॲपचा पासवर्ड चोरांच्या हाती गेला, आणि पासवर्डबरोबर सगळ्या बुकिंगची यादी. म्हणजे निरोप खरोखरच तिच्या खात्यातून आला होता, पाठवणारा तेवढा ती नव्हती. हा प्रकार जगभर चालतो आणि तिथल्या स्कॅमवॉच या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी सेवेने त्याबद्दल इशारेही दिलेले आहेत. माझी खोली जागेवर होती, किल्ली खिळ्याला. पैसे मी रोख दिले. बुकिंग कंपनीला लिहिलं तर छापील उत्तर आलं: आम्ही निरोपातून कार्डाची माहिती मागत नाही. तुमच्याच ॲपमधून मागितली गेली, त्याचं काय, यावर चकार शब्द नाही.

तेव्हा परदेशी निघण्याआधी काय कराल? प्रत्येक भारतीय कार्डाच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन’ हा स्वतंत्र खटका असतो, आणि मर्यादा ठरवायची सोयही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या परिपत्रकाने ती बँकांना बंधनकारक केली आहे. व्हिसा किंवा विमानाचं तिकीट काढताना आपण तो सुरू करतो आणि विसरतो. दुकानात कार्ड टेकवायला हा खटका लागत नाही, त्याचा वेगळा असतो. ऑनलाइनचा बंद ठेवा, लागेल तेव्हा दोन मिनिटं सुरू करा. भारतीय सिम फोनमधून काढू नका; लोकल नंबर ई-सिमवर घ्या, नाहीतर एसएमएस पोचणारच नाहीत. आणि हॉटेलच्या नावाने काहीही मागणी आली, मग ती कुठल्याही ॲपच्या आत असो, तर नकाशावरून हॉटेलचा नंबर काढून सरळ फोन लावा. लहान गावातली रिसेप्शनं संध्याकाळी लवकर बंद होतात, तेवढं धरून चाला.

लेकीकडे परतल्यावर सायकल विकायला काढली तर दुसरा नमुना भेटला. सायकल न बघता, घासाघीस न करता गिऱ्हाईक तयार. “माझा भाऊ येऊन घेऊन जाईल, पैसे आत्ताच पे-आयडीवर पाठवतो.” पाठोपाठ ‘पे-आयडी’ची ई-मेल: तुमचं खातं साधं आहे, गिऱ्हाइकाने खातं वाढवण्यासाठी ५०० डॉलर जास्त भरलेत, ते त्याला परत करा. लेक बघताक्षणी हसली. पे-आयडी म्हणजे बँक खात्याला जोडलेला फोन नंबर किंवा ई-मेल, आपल्या यूपीआय आयडीसारखाच. असलं ‘वाढवलेलं’ खातं तिथे नसतंच, आणि पे-आयडी कुणाला ई-मेल लिहीत बसत नाही.

पैशांचं काय झालं ते सांगते. नाशिकला आल्यावर सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार केली. ती परदेशातूनही करता येते, पण लॉगिनला भारतीय नंबरवर ओटीपी येतो, म्हणून सिमचं वर सांगितलं. बँकेने ८७० डॉलरचा व्यवहार त्या दुकानदाराकडून परत मिळवला. उरलेल्या दोन रकमांबाबत म्हणणं असं की कार्डाची माहिती ग्राहकाने स्वतःहून दिली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तसं कलम आहे खरं: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचं ग्राहकाच्या माथी. पण त्याच कलमाचं पुढचं वाक्य बँकेच्या पत्रात नाही: कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. १९८ डॉलर मी सोडले. १,३१० डॉलर कापले गेले तेव्हा माझा कॉल त्यांच्याकडे लागून अकरा मिनिटं झाली होती आणि ते मला संगीत ऐकवत होते. बँक म्हणते, कळवल्याची वेळ म्हणजे तक्रार क्रमांक दिल्याची वेळ. मी म्हणते, कॉल लागल्याची. कॉल लॉगच्या स्क्रीनशॉटसकट हे प्रकरण आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे आहे.