पेटी परत आली, सूर गेले

जुन्या पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, किंमत काढून देतो म्हणणाऱ्या माणसाला ती घराबाहेर नेऊ देऊ नका. पंचवटीत माझ्या आत्याच्या बाबतीत काय घडलं ते वाचा, म्हणजे मी एवढं निक्षून का सांगतोय ते कळेल.

आतोबा कीर्तनाला साथ करायचे. वडिलांकडून आलेली पेटी त्यांनी जन्मभर वाजवली. ते गेले, वाडा पाडायचं ठरलं, आणि ही पेटी एखाद्या वाजवणाऱ्याच्या घरी योग्य किमतीला जावी असं आत्याला वाटलं. ओळखीतून जुन्या वस्तू घेणारे-विकणारे एक गृहस्थ आले. पेटी बघताच म्हणाले, "आजी, ही पलुस्करबुवांच्या आश्रमात वाजलेली असणार." विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम पंचवटीतच होता, त्यामुळे इथल्या माणसाला ते लगेच पटतं. पुरावा मात्र काहीच नव्हता. सत्तर-ऐंशी हजार कुठेच गेले नाहीत म्हणाले, फक्त आतले सूर (हवेने थरथरणारी जीभ बसवलेले पितळी तुकडे) एकदा तपासून घ्यायला हवेत. पावती मागितली तर, "घरच्यासारखं आहे, पावती कसली?"

पेटी परत आली ती वेगळ्याच भाषेसह. सूर साधे आहेत, भाता फाटलाय, लाकडाचे म्हणून चार हजार देतो. आत्या नाही म्हणाली तेव्हा धमकी आली: शंभर वर्षांवरची वस्तू आहे, सरकारला कळलं तर जप्त होईल.

आत्याला वाजवता येत नाही, पण तिने ती पेटी पन्नासेक वर्षं ऐकली आहे. मी भाता मारून षड्ज धरला आणि ती म्हणाली, "हा खर्ज आपल्या पेटीचा नाही." मग मी पेटी उघडली. सूर ज्या फळीवर बसतात ती काळवंडलेली होती, पण प्रत्येक सुराभोवती लाकडाची फिकट कड दिसत होती. आधी तिथे आकाराने मोठे सूर बसलेले होते, हे त्या कडेवरून स्पष्ट कळत होतं. स्क्रूंच्या खाचा ताज्या ओरबाडलेल्या होत्या. पितळ नवंकोरं होतं, आजूबाजूला मात्र जुनी धूळ तशीच. सगळे सूर बदलले होते.

पेटीचा जीव आणि किंमत दोन्ही सुरांत असते. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली देबँ यांनी घेतलं. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी मांडीजवळ ठेवून हाताने भाता मारायची पेटी आणली. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या पेट्यांचं लाकूडकाम इथलं आणि सूर पॅरिसचे किंवा जर्मनीचे असतात. म्हणून वरच्या पाटीवरून भाव ठरवता येत नाही. भाता गळत असेल तर नवा बसतो, पट्ट्या दुरुस्त होतात. जुने पॅरिसचे सूर मात्र कारागीर शोधत असतात, कारण ते काढून नव्या पेटीत बसवता येतात. पेटी तशीच्या तशी परत करूनही चोरी करता येते ती यामुळेच.

जप्तीची भीती तर निव्वळ खोटी. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी करतो आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना घ्यायला लावतो. घरातली पेटी जुनी आहे एवढ्यावरून ती कुणी उचलून नेत नाही. उलट असा धाक घालणाऱ्यालाच परवाना विचारा.

किंमत काढायची असेल तर पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला त्याची फी देऊन घरी बोलवा, आणि तो स्वतः गिऱ्हाईक नसावा. जो विकत घेणार, तोच भाव सांगणार, हे कधीच मानू नका. पेटी तुमच्यासमोर उघडू द्या. सुरांचे जवळून फोटो घ्या, त्यांवर कोरलेली अक्षरं-आकडे टिपून ठेवा, प्रत्येक सूर वाजवून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. दुरुस्तीसाठी द्यावीच लागली तर आत किती आणि कोणते सूर आहेत ते लिहिलेली, सही केलेली पावती घ्या. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "पेटी तर घरात आहे, मग गेलं काय?" भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ विश्वासघाताचं आणि ३१८ फसवणुकीचं आहे. तक्रार अर्ज दिला आहे, सोबत त्या फळीचे फोटो जोडले आहेत.

नाशकातल्या आणि आसपासच्या पेटी करणाऱ्यांना एक विनंती. जुन्या पॅरिस सुरांचा संच कुणी विकायला आणला तर मंद्र पंचम आधी बघा. त्याची जीभ तुटली होती, ती आतोबांनी मिरजेहून बदलून आणली होती. बाकीच्या सुरांपेक्षा ती पिवळी आहे आणि तिच्या रिव्हेटशेजारी सुईने कोरलेली छोटी फुली आहे. तशी दिसली तर संच घेऊ नका, आणि आणणाऱ्याचं नाव पंचवटी पोलिसांना कळवा.