दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये ४०० वॉटसेकंद: स्पीडलाइट आणि स्टुडिओ लाइट, काही महिन्यांच्या वापरानंतर

घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकतो. फ्लॅटमध्ये राहून हौसेपोटी फोटो काढणाऱ्याने आधी दोन साधे मॅन्युअल स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारे, सेलवर चालणारे छोटे फ्लॅश; पॉवर आपण ठरवायची) घ्यावेत, स्टुडिओ लाइटचं (स्टँडवरचा, प्लगवर चालणारा मोठा फ्लॅश) नंतर बघावं. कारण पैशाचं नाही. दोन स्पीडलाइट आणि ट्रिगर (कॅमेऱ्यावरून रेडिओने फ्लॅश उडवणारी डबी) यांत जेवढे जातात, साधारण तेवढ्यात एक सुरुवातीचा स्टुडिओ लाइट येतो (किमती दर सेलला हलतात, म्हणून आकडे टाकत नाही). फोर्टात, बोरा बाजारात विचारलंत तर हमखास ऐकायला मिळेल, "साहेब, छोट्या फ्लॅशची पॉवर पुरत नाही, एकदाच काय तो मोठा घ्या." घरात माझी अडचण नेमकी उलटी आहे. मोठ्या लाइटचा उजेड हवा तेवढा कमीच होत नाही.

गेले सात-आठ महिने दोन्ही आलटूनपालटून वापरतोय. गोडॉक्सचे दोन टीटी६०० स्पीडलाइट, त्याच कंपनीचा एक एसके४००-टू स्टुडिओ लाइट (पुढे नुसता एसके) आणि तिघांनाही चालवणारा एक्स२टी ट्रिगर. कॅमेरा जुना कॅनन ८०डी. जागा म्हणजे डोंबिवलीतल्या टू-बीएचकेचा हॉल. छत साडेनऊ फूट, आणि सोफा, टीव्ही युनिट, शोकेस वगळून जे उरतं ते माझं.

आता आकडे. एसके४०० ची ताकद ४०० वॉटसेकंद (म्हणजे एका फ्लॅशमधली ऊर्जा) आणि ती १/१६ पर्यंतच खाली येते, म्हणजे तळाला २५ वॉटसेकंद. टीटी६०० सारखा स्पीडलाइट फुल पॉवरला साठ-सत्तर वॉटसेकंदांच्या घरात धरतात, पण तो १/१२८ पर्यंत उतरतो, म्हणजे अर्ध्या वॉटसेकंदाच्या आसपास. हॉलमध्ये पोर्ट्रेट काढताना सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारा कापडी डबा) चेहऱ्यापासून जेमतेम एक मीटरवर असतो. आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) सर्वांत कमी, १००, एसके तळाला, तरी माझ्या ६० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्समधून एक्स्पोजर एफ/८ च्या आसपास बसतं (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान आणि मागचंही स्पष्ट). एफ/८ ला मागच्या शोकेसमधल्या बाहुल्या आणि कॅलेंडरवरची एकादशीसुद्धा वाचता येते. मग मागचं धूसर करणारी ५० एमएमची १.८ लेन्स घेतली कशासाठी?

शटर वाढवून भागत नाही. ८०डी चा सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर) १/२५०, त्याच्या पुढे फोटोत काळा पट्टा येतो, आणि त्यापुढेही फ्लॅश चालवणारी हाय-स्पीड सिंकची सोय एसकेला नाही. एनडी फिल्टर (लेन्सवरची काळसर काच) हा एक मार्ग. चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लावला की एफ/२ मिळतो, पण व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि ऑटोफोकस चाचपडत बसतो. दुसरा मार्ग लाइट मागे नेण्याचा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई, म्हणजे दोन स्टॉप कमी. पण मग तोच सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानाने लहान होतो, सावल्या कडक पडतात, आणि मुळात मागे भिंत आहे. स्पीडलाइट १/३२ किंवा १/६४ वर ठेवला की यातला काही खटाटोपच करावा लागत नाही. शिवाय कॅमेऱ्यापासून दूर, रेडिओ ट्रिगरवर चालवला तर टीटी६०० हाय-स्पीड सिंकही करतो.

एवढं बोलून झाल्यावर एसकेची बाजू घेतो, कारण त्याच्यात एक गोष्ट अशी आहे जिच्यासाठी मी तो विकायला काढलेला नाही: १५० वॉटचा मॉडेलिंग लॅम्प. फ्लॅश उडायच्या आधी उजेड कुठे पडणार हे डोळ्यांना दिसतं. आईचा पैठणी नेसून, नथ घालून फोटो काढायचा होता. नथीची सावली वरच्या ओठावर उतरते, आणि लाइट थोडा जरी बाजूला असला तरी ती गालापर्यंत लांबते. त्यात आईला चष्मा, म्हणजे दोन काचांत सॉफ्टबॉक्सचे दोन पांढरे चौकोन. मॉडेलिंग लॅम्प चालू ठेवून स्टँड वीतभर वर घेतला, आईला म्हटलं "हनुवटी जरा खाली घे", चौकोन काचेतून वर सरकत निघून गेले, सावली नथीखालीच आवरली. मग शटर दाबलं. हेच स्पीडलाइटवर करायचं तर फोटो काढा, स्क्रीनवर झूम करून बघा, लाइट हलवा, पुन्हा काढा. तिसऱ्या फेरीला समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला असतो. लॅम्प चालू असल्याने डोळ्यातली बाहुलीही लहान राहते आणि डोळ्यांचा रंग फोटोत दिसतो. मे महिन्यात मात्र हा तापणारा दिवा नकोसा होतो, कारण पदर उडू नये म्हणून पंखा बंद केलेला असतो.

छायाप्रकाश शिकण्यासाठी मॉडेलिंग लॅम्पसारखं साधन नाही, हे माझं मत. पण त्यासाठी ४०० वॉटसेकंद लागत नाहीत. स्पीडलाइटच्या शेजारी एक एलईडी दिवा क्लॅम्पने लावला तरी अंदाज बऱ्यापैकी येतो.

वेग गोठवण्यात स्पीडलाइटने मला चकित केलं. मोठा लाइट म्हणजे जास्त वेगवान, असा बऱ्याच जणांचा समज असतो. टीटी६०० चा फ्लॅश फुल पॉवरला १/२३० सेकंद टिकतो, १/१२८ ला १/२०,०००. स्पीडलाइटमध्ये पॉवर कमी करणं म्हणजे फ्लॅश मध्येच तोडणं, त्यामुळे जितकी पॉवर कमी तितका क्षण आखूड. एसकेसारख्या लाइटमध्ये कपॅसिटरचं व्होल्टेज उतरवतात, त्याने उजेड घटतो पण क्षण आखूड होत नाही. कंपनीच्याच आकड्यांत तो १/८०० ते १/२००० आहे.

फरक बघायचा तर फोडणी करून बघा. ओट्यावर कढल्यात तेल, पडदे ओढलेले, ट्यूब बंद. एक स्पीडलाइट मागून तिरका, दुसरा बाजूने, दोन्ही १/३२ वर, फ्लॅशच्या काचेवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेलं. झूम लेन्स लावून लांब उभं राहायचं. मोहरी तडतडली की हवेत उडालेला प्रत्येक दाणा सुटा, काही फुटून आतला पिवळा गर दाखवणारे, आणि मागच्या उजेडाने तेलाचे थेंब काचेच्या मण्यांसारखे. एसकेने तीच फोडणी घेतली तर दाणे ठीक, पण तेलाच्या थेंबांच्या रेघा झाल्या. मोहरी किती संपली याचा हिशेब घरी विचारला गेला, तो इथे देत नाही.

एसके खरा उपयोगी पडला तो काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला. कार्यालयात तीन रांगांचा ग्रुप, सगळे फोकसमध्ये हवेत म्हणून एफ/८, लाइट चार-पाच मीटरवर. तिथे उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या छत्रीतून स्पीडलाइट वापरायचे तर दोन्ही फुल पॉवरला जातात. सेल ताजे असताना अडीच-तीन सेकंदांनी पुन्हा भरतात, पुढे वेळ वाढत जातो, आणि सलग तीसेक फुल फ्लॅशनंतर दहा मिनिटं विसावा द्यायला माहितीपत्रकच सांगतं. एसके सेकंदाभरात तयार. नातेवाइकांत कोणाचे तरी डोळे मिटलेले असणारच, तेव्हा सेकंदाला एक फोटो ही चैन नाही, गरज आहे. मात्र प्लग पॉइंट जवळ हवा, एक्स्टेन्शन बोर्ड हवा, आणि वायर टेपने जमिनीला चिकटवायला हवी, कारण पोरं धावतात. हेच फोटो कार्यालयाबाहेर झाडाखाली काढायचे म्हटलं असतं तर तो घरीच राहिला असता.

बारीकसारीक: स्पीडलाइटला चार-चार एए सेल लागतात. साधे अल्कलाइन घेऊ नका, चांगले एनआयएमएच रिचार्जेबल घ्या आणि एक जादा संच ठेवा, कारण टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले की घरच्यांचा हात पहिला तुमच्या बॅगेकडे जातो. छतावरून उजेड उसळवणार असाल तर आधी रंग बघा. आमच्या छताला क्रीमच्या नावाखाली पिवळा मारलाय, तो चेहऱ्यावर येतो. स्पीडलाइट स्टँडवर बसवायचा ब्रॅकेट बोवेन्स माउंटचाच (एसकेच्या तोंडाला असते तीच जोडणी) घ्या, म्हणजे एकच सॉफ्टबॉक्स दोन्हीकडे बसतो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा माझा महिन्याभरात वाकला. कंपनीचं नाव त्यावर नव्हतंच. आणि स्टँड हलका घेतलात तर पायाशी वाळूची पिशवी हवीच.

मधला पर्याय म्हणून मित्राचा गोडॉक्स एडी२०० काही आठवडे आणला होता. २०० वॉटसेकंद, १/१२८ पर्यंत उतरतो, म्हणजे तळाला दीड वॉटसेकंद, हाय-स्पीड सिंक आहे, लिथियम बॅटरीवर फुल पॉवरचे सुमारे ५०० फ्लॅश. घरातही चालला, बाहेरही. त्याच्या फ्रेनेल हेडमधला (स्पीडलाइटसारखं चौकोनी तोंड) एलईडी मात्र मॉडेलिंगला नावापुरताच, दिवसा तर दिसतही नाही. किंमत दोन टीटी६०० हून बरीच वर जाते. विमानाने नेणार असाल तर त्याची सुटी बॅटरी केबिन बॅगेतच ठेवावी लागते. ती ४२ वॉटअवरच्या आत असल्याने १०० च्या मर्यादेत बसते. पुढची खरेदी करायचीच झाली तर हाच, पण टीटी६०० ठेवून. मागून केसांवर मारायला दुसरा लाइट लागतोच.